बिनपासाचा चमचा

सुमे, इकडे ये बघू. अशी जवळ बस. तू मुलुंडला आणि मी इथे मरोळला, म्हणून काय झालं? हा कागद डोळ्यांपाशी धर आणि तुझा कान माझ्या हातात आहे असं समज. परवा मस्कतहून परतल्यावर आलीस, अर्धा तास टेकलीस, चहा निम्मा तसाच ठेवलास, आणि जाताना साखरेच्या डब्यामागे रुमालात गुंडाळून काय ठेवून गेलीस गं? मला वाटलं मस्कतचे खजूर असतील. उघडते तर चमचा! दांड्यावर विमान कंपनीचं पाखरू. विमानातून उचललास ना? आत्याला गंमत म्हणून! शहाणी गं माझी.

रागावले नाही मी. रागवायचा हक्कच नाही मला. पण चमचा हातात घेतला आणि तशीच खाली बसले. तुझे आतोबा विचारतात, "काय झालं, पाय मुरगळला का?" त्यांना काय सांगू? तुलाच सांगते. त्यासाठी तुला बस्त्याव मास्तर आठवायला हवेत. तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हा त्यांनी तुला एका मोठ्या खुर्चीत बसवून कमरेला पट्टा बांधला होता आणि तू भोकाड पसरलं होतंस. ते मास्तर.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, शिवणकामाचे. आम्ही कोकणातून येऊन या गावठाणात त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला लागलो, त्याच्या आधीपासून ते त्याच पाखराच्या कंपनीत, विमानं दुरुस्तीला ठेवतात त्या हँगरमध्ये कामाला होते. विमानातल्या खुर्च्यांची कव्हरं, पडदे, जेवताना मांडीवर घ्यायचे नॅपकिन, सगळं त्यांच्या मशीनखालून जायचं. मूळ इथलेच, ख्रिस्ती. वाडवडिलांची भातशेती होती, त्या शेतांवरून आता विमानं उतरतात. उंच, वाळका माणूस, कानावर खडूचा तुकडा, आणि पाय कधी स्थिर नाही. मशीनवर पाय मारून मारून त्या पायाला सवयच लागलेली. जेवताना हलतोय, देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, प्रार्थनेला बसले तरी हलतोय. मोनीबाय, त्यांची बायको, शेजारी बसून त्यांच्या गुडघ्यावर हात दाबून धरायची.

आणि वरून विमान गेलं की संपलं! हातातला घास ताटात टाकून अंगणात. नुसत्या आवाजावरून सांगायचे, हे पंख्याचं, हे जेटचं, हे नैरोबीचं, याला आज उशीर झाला. मोनीबाय म्हणायची, "याचं जेवण म्हंजे नुसती उठबस. लग्नात अंगठी घालताना पण माझ्याकडं बघत नव्हता, वर बघत होता."

"मंग काय करू? पडदे माझे होते त्याच्यात," मास्तर म्हणायचे.

मी एकदा विचारलं, "मास्तर, तुम्ही बसलात का हो कधी विमानात?"

"बसलोय की, बाय. हजार येळा. टाचण्या तोंडात धरून, गुडघ्यावर." मग हसले. "पन जमिनीवर हाय तवाच."

त्यांच्या घराची पुढची खोली तुला आठवते का? बाकीचे लोक तिथे आल्यागेल्याला बसवतात, मास्तरांनी तिथे विमान बसवलं होतं. जुन्या पंख्याच्या विमानातल्या दोन जोडखुर्च्या, कंपनीने रद्द केलेल्या. गोल कोपऱ्यांची खिडकी, ती भिंतीला ठोकलेली. तिच्यातून पलीकडे भिंतच दिसायची, पण लोक वाकून बघायचे. पडदे, राखदाण्या, तान्ह्या बाळाची टांगती झोळी, जेवणाचा ट्रे आणि त्यात कान तुटलेले कप, उलटीच्या कागदी पिशव्या. आमच्या शेजारच्या काकूंनी त्यातली एक पिशवी भज्यांसाठी मागितली होती. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "देतो, पन आधी ती कशासाठी हाय ते ऐका." काकूंनी चार दिवस भजी केली नाहीत.

ते त्या खोलीला "माझा हँगर" म्हणायचे. रविवारी सगळ्या मरोळमधून, पार अंधेरीहूनही माणसं बघायला यायची. मास्तर एकेकाला खुर्चीत बसवणार, पट्टा बांधणार, कानात घालायला कापूस देणार, तोंडात लिमलेटची गोळी. मग स्वतः उभे राहून कुठली वस्तू कुठल्या विमानातली ते सांगणार. स्वतः त्या खुर्चीत कधी बसायचे नाहीत.

पण त्या खोलीतली खरी गोष्ट वेगळीच होती. प्रत्येक वस्तूला टाचणीने एक गुलाबी चिठ्ठी लावलेली. गेटपास. हँगरमधून सुतळीचा तोडा जरी बाहेर न्यायचा असला, तरी साहेबाच्या सहीचा गुलाबी पास लागतो. कामगार सुटले की गेटवर दोन्ही हात वर करून उभे राहायचे, शिपाई खिसे, कंबर, डबा चाचपायचा, मग पुढचा. रद्द झालेली प्रत्येक चीज मास्तरांनी अर्ज करून, सही घेऊन, पास घेऊन आणलेली. "पास आधी, वस्तू मंग," हे त्यांचं बोलणं. मी वाटीभर उसळ घेऊन गेले तरी दारात अडवायचे, "पास कुठं हाय?" मी म्हणायची, "मीच पास!" मग वाटी आत जायची.

इतकी वर्षं हात वर करून करून तेही अंगात भिनलेलं. एका रविवारी देवळातून बाहेर पडताना दारात थांबले आणि दोन्ही हात वर केले! मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. मास्तरही हसले, पण त्यांचा चेहरा मला काही बरा वाटला नाही. घरी आल्यावर मोनीबायने सांगितलं, सांतानमुळे.

सांतान त्यांचा धाकटा भाऊ. विमानं आतून झाडायच्या टोळीत होता. गाणारा, हसरा, गावात सगळ्यांचा लाडका. एका संध्याकाळी गेटवर त्याच्या डब्याभोवती कंपनीचा नॅपकिन निघाला. सुक्या बोंबलाचं कालवण गळतं म्हणून डबा त्यात बांधलेला. शिपायाने विचारलं, पास? पास कुठला! दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढला. गावात चोर म्हणून नाव झालं. सांतान बोटीवर खलाशी म्हणून गेला तो गेलाच. सुरुवातीला दोन पत्रं आली, मग तीही थांबली. त्यानंतर मास्तरांनी पास जपायला सुरुवात केली, असं मोनीबाय म्हणाली. मी ऐकलं, च्‌च्‌ केलं, आणि विसरले. ही माझी चूक बघ.

कारण पुढच्याच नाताळला तुझे बाबा नैरोबीहून आले. हो, तुझेच बाबा! बॅगेतून काय काढलं माझ्यासाठी? चमचा. दांड्यावर हेच पाखरू. घराण्याचा गुणच म्हणायचा. मला काय सुचलं कुणास ठाऊक, वाटलं, मास्तरांच्या ट्रेमध्ये कप आहेत, बशा आहेत, चमचा तेवढा नाही. आपण गरीब माणसं नाताळला त्यांना काय देणार? हाच देऊ. लाल कागदात गुंडाळून, वर झेंडूचं फूल ठेवून, करंज्यांच्या ताटात घालून घेऊन गेले.

मास्तरांनी कागद सोडला. पाय हलायचा थांबला. मी कधी तो थांबलेला बघितला नव्हता.

"पास कुठं हाय, बाय?"

मी नेहमीसारखी म्हणाले, "मीच पास!"

ते हसले नाहीत. "कुणी आणला?"

"माझ्या भावाने. विमानातून. अहो, सगळेच आणतात."

त्यांनी चमचा परत कागदात गुंडाळला, करंजी खाल्ली, छान झालीय म्हणाले. मला टाकून बोलले नाहीत एका शब्दाने. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना चमचा खिशात. परत करायला! गेटवर जे झालं ते तुझ्या आतोबांनी डोळ्यांनी बघितलं. ते तेव्हा कंपनीच्या स्टोअरमध्ये नुकतेच लागले होते, मागेच रांगेत होते.

मास्तर म्हणाले, "हा चमचा आत जमा करायचा हाय."

शिपाई म्हणाला, "आत न्यायचा पास?"

"अरे, कंपनीचाच हाय."

"कंपनीचा आहे तर बाहेर कसा आला? बाहेर यायचा पास?"

"नाय."

"म्हणजे बाहेर यायचा पण नाही, आत जायचा पण नाही. मास्तर, सकाळी सकाळी माझी वाट लावू नका. रिपोर्ट लिहू का? कुणी आणला, नाव सांगा."

मास्तरांनी मागे वळून बघितलं नाही. मागे तुझे आतोबा उभे.

"नाव नाय," मास्तर म्हणाले.

"मग टाका ना यार गटारात!"

"कंपनीची वस्तू? गटारात?" आणि मास्तर चमचा घेऊन घरी आले. त्या दिवशी अर्धा खाडा पडला.

तेव्हापासून तो चमचा एका लिफाफ्यात, त्यांच्या मशीनच्या वरच्या खिळ्याला. पुढच्या खोलीतल्या त्यांच्या हँगरमध्ये नाही ठेवला. लिफाफ्यावर त्यांनी लिहून ठेवलं होतं, "हा माझा नाय. परत करायचा." वर्षं गेली. मी कधी भाडं द्यायला गेले की नजर त्या खिळ्याकडे जायची आणि मी लगबगीने परत यायची. गप्पा मारायला तासतास बसणारी मी, उभ्या उभ्या परतायला लागले. मोनीबाय म्हणायची, "तुला पण याच्या पायाचा रोग लागला काय गं?"

मास्तर निवृत्त झाले आणि तीनेक वर्षांनी कंपनीने ठरवलं की आपला इतिहास मांडायचा. विमानतळाजवळ त्यांचं आवार आहे ना, तिथे एक मोठा हॉल. जुन्या वस्तू शोधत एक साहेब मास्तरांच्या दारात आला. तरुण, चष्मेवाला, बोलायला गोड. त्याने खोली बघितली आणि तो हरखलाच.

"मास्तर, आमच्याकडे या विमानाची एक राखदाणीसुद्धा नाही! आणि तुम्ही खुर्च्या सांभाळल्यात! हे सगळं द्याल? दारातच तुमच्या नावाची पाटी लावू."

पाटी! सुमे, तो माणूस त्या आठवड्यात झोपला नाही. भिंतीला चुना दिला, खुर्च्यांची कव्हरं उसवून धुऊन परत शिवली. मला म्हणाले, "बाय, सांतान कुठं असंल तिथून कवातरी येईल. इमानतळावर उतरंल. पाटी बघंल. आडनाव एकच ना आमचं! गावात जे नाव गेलं, ते तिथं पाटीवर धुऊन निघंल." तेवढीच त्यांची आस. पैसे नकोत, हार नको.

साहेब वह्या घेऊन आला तो दिवस. मास्तर एकेक वस्तू उचलणार, पास वाचणार, साहेब लिहिणार. खुर्च्या दोन, पास. खिडकी, पास. झोळी, पास. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. गावातले दहाबारा जण अंगणात. मग जेवणाचा ट्रे आला. आणि त्यात, कपाच्या उजव्या हाताला, चिंच लावून लख्ख घासलेला चमचा!

मोनीबायने ठेवला होता. तिचं तरी काय चुकलं? साहेब येणार, ट्रेमध्ये कप आणि चमचा नाही, म्हणजे बाईमाणसाला किती अपुरं दिसतं ते. खिळ्यावरचा काढला, घासला, मांडला. लिफाफा चुलीत.

"याचा पास?" साहेबाने वर न बघताच विचारलं.

मास्तरांनी चमच्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही. मुद्दाम नाही बघितलं, मला कळलं ते. तुझ्या आतोबांची नोकरी स्टोअरमध्ये, जिथे चमचेच मोजायचे काम. मी तोंड उघडलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्यांचं काय झालं असतं? हे सगळं मनात आलं, आणि मी गप्प राहिले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"पास नाय," मास्तर म्हणाले.

"मग आला कसा?"

"माझ्या घरात हाय. म्हंजे माझ्यावर."

साहेब हसला. वाईट नव्हता गं तो. म्हणाला, "असू दे हो मास्तर, एखादा चमचा सगळेच उचलतात." अंगणात कुणीतरी खुसखुसलं. इतक्या वर्षांचे सगळे पास त्या एका हसण्यात गेले. साहेबाने चमचा बाजूला काढून ठेवला, बिनपासाची वस्तू नोंदवता येत नाही म्हणाला, आणि पाटीसाठी नाव कसं लिहू ते विचारलं.

मास्तर म्हणाले, "नाव नको."

"अहो, पण..."

"ज्याच्या घरात बिनपासाची वस्तू निघाली, त्याचं नाव दारात कशाला? वस्तू न्या. नाव नको."

टेम्पो भरून सगळं गेलं. खोलीत भिंतीवर खिडकीचा गोल कोपऱ्यांचा डाग तेवढा राहिला.

मी दोन दिवस दाराआड काढले. तिसऱ्या दिवशी गेले. ते रिकाम्या खोलीत उभे, पाय सुरू. मी म्हणाले, "मास्तर, मी साहेबांना जाऊन सांगते. चमचा माझा. मी गप्प बसले."

"गप बस म्हंतो मी अजून," ते म्हणाले. "मी पन बसलो होतो, बाय. एकदा."

"कधी?"

"सांतानच्या येळेला. तो नॅपकिन मीच दिलेला त्याला. काठ वाकडा शिवला गेला होता, रद्दच व्हायचा होता. म्हंटलं डब्याला बांध. गेटवर मी त्याच्या मागंच, तीन माणसं सोडून. त्याला इचारला, कुणी दिला? त्यानं मागं नाय बघितला. आन मी..." वरून एक विमान गेलं. पहिल्यांदाच ते बाहेर गेले नाहीत.

आता कळलं ना तुला, पास कुणासाठी जपले होते ते? मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून भाकरी करताना, दळण आणताना, सारखं वाटे, आपण काहीतरी मागे ठेवून आलोय.

हॉल सुरू झाला. शनिवारी कुणीही बघायला जावं, गेटवर नाव सांगून पास घ्यावा. मास्तर जाईनात. मोनीबायने सांगून बघितलं, पाद्रीबाबांनी सांगून बघितलं. शेवटी मी म्हणाले, "मला बघायचंय. बाईमाणूस एकटी कशी जाऊ?" तेव्हा निघाले. इस्त्रीचा सदरा, खिशावर हात. खिशात काय ते मी विचारलं नाही.

गेटवर नवा पोरगेला शिपाई. हातात गुलाबी पासांचं पुस्तक! तेच. मास्तरांचे डोळे त्याच्यावर खिळले.

"दोन माणसं? आत काही सामान नेताय का, काका?"

मास्तरांनी खिशातून काढला. "एक चमचा."

"चमचा? डबा आणलाय काय?" शिपाई हसला. "आत खायला मनाई आहे."

"खायला नाय. आत न्यायचा हाय. पासावर लिही."

"बरं बाबा, लिहितो. चमचा, एक. झकास. माल कुणाचा? नाव?"

मास्तरांनी श्वास घेतला. त्यांचं तोंड उघडायच्या आत मी पुढे झाले. तुझे आतोबा तेव्हा नोकरीतच, निवृत्तीला दोन वर्षं बाकी, आणि त्यांचं स्टोअर त्या गेटपासून हाकेच्या अंतरावर. मी म्हणाले, "माझा. माझं नाव लिही." पूर्ण नाव सांगितलं, आतोबांच्या नावासकट. शिपायाने सावकाश लिहिलं. "सही करा, मावशी." मी शाळेत गेलेली नाही, तुझ्या बाबांच्या पाटीवर गिरवून शिकलेली. केली सही.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग पास त्यांनी स्वतःच्या हाताने फाडून घेतला.

आत थंडगार, फरशी अशी की पाय घसरावा. मोठमोठे फोटो, साहेबलोकांचे पुतळे. कोपऱ्यात आमच्या खुर्च्या. भोवती जाड दोरी, आणि पाटी: बसू नये. खाली बारीक अक्षरात, एका निवृत्त कर्मचाऱ्याकडून.

"बसू नये?" मास्तर पुटपुटले. "मंग लोकांना कळंल कसा?" आणि दोरी उचलून आत. मी म्हणते, "अहो मास्तर, अहो!" त्यांनी ऐकलंच नाही. ट्रेपाशी वाकले. चमचा कपाच्या उजव्या बाजूला ठेवला, सरळ केला, परत जरा सरळ केला. सदऱ्याच्या कॉलरखाली टाचणी असायचीच त्यांच्या. गुलाबी पास ट्रेच्या कापडाला टोचला, माझं नाव वर येईल असा. मग मागे वळले आणि खुर्चीत बसले. पहिल्यांदा. खिडकीकडच्या.

पाय हलत नव्हता. मी मोजलं नाही, पण बाहेर दोन विमानं उतरली तेवढा वेळ ते बसले होते, वर न बघता.

बाहेर पडताना शिपाई म्हणाला, "मावशी, पास परत द्या. आणि चमचा? चमचा एक गेला होता आत."

"आतच राहिला," मी म्हणाले. "लिहून घे. जमा."

"असं कसं? मला सांगावं लागेल वर."

"सांग. नाव लिहिलेलं आहे."

मी त्याच्याशी बोलत होते आणि मास्तर पुढे निघाले होते. गेटाच्या खांबापाशी, जिथे जन्मभर हात वर करून उभे राहिले, तिथे ते पोहोचले. मी बघत होते. हात वर होणार असं मला वाटलं. झाले नाहीत. दोन्ही हात पॅंटच्या खिशात, खांदे सैल, आणि ते न थांबता तसेच रस्त्याला लागले. शिपाई ओरडला, "ओ काका!" वळले नाहीत. उन्हात ती उंच, वाळकी पाठ लांब लांब जात राहिली.

त्यानंतरही ते वर्षभर होते, पण मला मास्तर म्हटलं की ती पाठच दिसते. तुझ्या आतोबांना कुणी काही विचारलं नाही. सांतान अजून आलेला नाही. मोनीबाय त्याच्यासाठी पुढची खोली झाडून ठेवते.

तर सुमे, तुझा चमचा मी लिफाफ्यात घालून खिळ्याला लावलाय. आतोबा आता घरीच असतात, मला आता कसलं भय नाही. पण रात्रंदिवस तो तिथे डोळ्यांसमोर लटकतोय आणि मला एका जागी बसवत नाही. तो घेऊन जा, पुढच्या विमानफेरीत तुझ्या हातानेच परत ठेव, नाव विचारलं तर सांग. लवकर ये गं. या रविवारीच ये. येताना काही आणू नकोस, हात हलवत ये, आणि या खेपेला चहा पुरता पिऊन जा.